वाटी ‘ब’

माकुराझाकीच्या बंदरामागे एक शाळा आहे,
पोरं उरली नाहीत म्हणून बंद पडलेली.
तिथे आम्ही सहा आठवडे यंत्र मांडून बसलो होतो.
बोटाच्या टोकावर लाल उजेडाची टोपी चढवायची,
की पडद्यावर रक्ताची रेघ सरकू लागते,
कुठे धावते, कुठे रेंगाळते.
मग एक वाटी.
मग वीस मिनिटं गप्प.
मग पुन्हा रेघ.
शेवटी कागद: मन कसं आहे?
शून्य ते दहा, वाटेल त्या आकड्याला गोल करा.

वाटी ‘अ’मध्ये कात्सुओचं सार,
धुरी देऊन, बुरशी चढवून, महिनोन्‌महिने सुकवलेल्या माशाचं.
वाटी ‘ब’मध्ये गरम पाणी.
रंग तोच, मीठ तेवढंच,
वासाला कारखान्यातले दोन थेंब.
कुणाला कुठली, हे पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही,
देणाऱ्या मलाही नाही.
या पद्धतीला आंधळी म्हणतात.

पण या गावाला नाक आहे.
इथे वाळत घातलेल्या दुपट्यांनाही धूर लागतो.
पहिल्याच सकाळी बर्फाच्या ट्रकवाल्याने झाकण उचललं,
म्हणाला, ‘ही खोटी,’
आणि शहाण्यासारखी पिऊन टाकली.

फुसाए हिगाशी, वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं उकडलेल्या माशातले काटे
चिमट्याने वेचले.
बोटं इतकी गार
की यंत्राला आधी वाटलं, खुर्चीत कुणी बसलेलंच नाही.
एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.
‘पोरी, यात मासा पोहलासुद्धा नाही.
शेजारून गेला असेल फार तर.’

मी ओठांवर बोट ठेवलं.
ती कसली ऐकते.
नवी नवरी असताना तिने सार केलं म्हणे,
मायेने, चांगलं तासभर खळखळा उकळून,
कडू जहर.
योशिहाचीने वाटी चाटूनपुसून रिकामी केली,
‘छान’ म्हणाला, अंगणात गेला
आणि पर्सिमनच्या बुंध्याशी थुंकत राहिला.
हे तिला शेजारणीने सांगितलं,
तेसुद्धा त्याच्या तेराव्या वर्षश्राद्धाला.
सांगता सांगता ती हसली, मग डोळे पुसले,
टोपी घातलेल्याच बोटाने,
आणि पडद्यावरची रेघ
वर गेली.
उतरेना.

कागदावर तिने ‘आनंदी’समोर नऊला गोल केला,
‘उदास’समोरही नऊला.
‘दोन्ही कसं, आजी?’
‘पेन चालत होतं, म्हणून.’

रात्री निशिओका सरांनी ती ओळ खोडली.
‘बोलली ना ती. नियम मोडला.’
त्यांचं चुकलं नाही.
अहवालाच्या शेवटी चार ओळी असतात,
त्यांनाही सारच म्हणतात:
वाटी ‘अ’, बोटांतला रक्तप्रवाह किंचित वाढला,
थकवा किंचित कमी.
वाटी ‘ब’, लक्षणीय बदल नाही.

शेवटच्या दिवशी ती फडक्यात काहीतरी बांधून आली.
लाकडासारखे दोन तुकडे.
एकावर एक आपटून दाखवले, टण्ण,
जणू काच.
‘असा आवाज आला तर समज, आत पाणी उरलेलं नाही.’
दोन्ही माझ्या हातात कोंबले,
आणि माझे हात दाबून म्हणाली,
‘तू तर माझ्याहून गार.’

आता साप्पोरो, जानेवारी, नववा मजला.
किसायची पेटी नाही माझ्याकडे,
खालच्या सुताराकडून रंधा मागून आणला.
वाकड्यातिकड्या कपच्या निघाल्या,
काही जाड, काही भुसा,
आणि फोन वाजला त्यात विसरून
फार वेळ उकळलं.

सगळं प्यायले.
बोटाला टोपी नव्हती,
काही वाढलं का, घटलं का, कुणी मोजलं नाही.
खिडकीशी गेले.
खाली रस्त्यावर बर्फ ओढणारी गाडी मागे येत होती.
थुंकायला
अंगण नव्हतं.